फिलचं रान

टॅमसिनने जुन्या पेपरांच्या साइटवर पुन्हा एकदा ‘फिलिप पेंग्लेज’ असं टाइप केलं, एंटर ठोकलं, आणि लायब्ररीच्या त्या खडखडणाऱ्या कॉम्प्युटरने पुन्हा तेच सांगितलं. काही सापडलं नाही. म्हणजे बघा, ज्या पेपरात कुणाच्या मेंढीला तिळं झालं तरी चार ओळी यायच्या, त्या पेपरात ओल्ड फिल मेल्याची बातमी नाही!

“अरे, मेलास तरी का नाहीस तू?” ती स्क्रीनलाच म्हणाली, आणि जरा मोठ्यांदाच म्हणाली, कारण शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

काम पॉपने दिलं होतं. पॉप म्हणजे तिचा आजोबा, मर्व्ह पेंग्लेज, पण ऑस्ट्रेलियातल्या त्या मॅली मुलखात निम्मे लोक त्याला पॉपच म्हणतात, बँकेतला पोरगासुद्धा. गावच्या हॉलला शंभर वर्षं होणार होती, आणि ठरलं होतं की प्रत्येक घराने आपल्या पहिल्या माणसाबद्दल दहा ओळी लिहून द्यायच्या, त्या रंगवून भिंतीवर लावायच्या. “तू कॉम्प्युटरवाली ना, तूच लिही ओल्ड फिलचं,” असं पॉप म्हणाला, आणि हे म्हणाला कधी, तर ज्या जेवणात त्याने सांगितलं की सगळी जमीन शेजारच्या ग्रँटलीला खंडाने द्यायची, त्याच जेवणात. रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं.

कारण टॅमसिनला जमीन हवी होती. सगळी नाही हो! तिचा भाऊ हॅमिश पश्चिमेकडे खाणीत गेला होता आणि तीन वर्षं पॉप त्याची वाट बघत होता, आणि तो येणार नाही हे कुत्र्यालासुद्धा कळलं होतं. त्या तीन वर्षांत पेरणीला पॉपच्या बरोबर कोण होतं? कापणीला यंत्रावर कोण बसलं होतं?

“मला फक्त फिलचं दे,” ती म्हणाली होती. “तीनशे एकर वाळू. ग्रँटलीला तरी कुठे हवंय ते?”

“ट्रॅक्टर चालवता आला म्हणजे शेती आली असं नसतं, टॅम.”

“मग कसं असतं?”

“ओल्ड फिल इथे आला तेव्हा...” पॉपने सुरू केलं, आणि टेबलावर आईने, टॅमसिनने, सगळ्यांनी ओठ हलवले, कारण ते सगळ्यांना पाठ होतं. ओल्ड फिल चार पोरं आणि सहा बैल घेऊन आला, मॅलीची झुडपं लोखंडी रूळ फिरवून आडवी केली, वाळूच्या वादळात विहीर बुजली तर परत खणली. “...आणि ही जमीन पेंग्लेजच्या पोरांनी राखली. पोरांनी,” पॉप म्हणाला. तिच्या नजरेला नजर न देता बटाटे पुढे सरकवले. विषय संपला.

फिलचं म्हणजे ओल्ड फिलने सगळ्यात आधी काढलेलं रान. तिकडे रानांना अशीच नावं असतात. हॅरिगनचं, स्मिडीचं, बँकेचं. हॅरिगनला जाऊन नव्वद वर्षं झाली, रान हॅरिगनचंच. “आमच्याकडे रानाला नाव लागायचं तर आधी मरावं लागतं, नाहीतर दिवाळं काढावं लागतं,” असं पॉप पाहुण्यांना सांगून स्वतःच खो खो हसायचा. आणि शेडमध्ये, खिळ्याला, ओल्ड फिलचे बूट. कडक झालेले, फटी पडलेले, आणि एवढेसे! बाराव्या वर्षी टॅमसिनने ते चोरून घातले होते तर जेमतेम सैल झाले. “त्या काळी माणसंच लहान होती,” पॉप म्हणायचा. “खायला कुठे होतं?”

तर असा हा ओल्ड फिल, आणि पेपरात त्याचा पत्ता नाही.

सापडले ते बाकीचे. जॉन पेंग्लेज सापडला, दक्षिणेकडच्या तांब्याच्या खाणींच्या गावात १८९३ साली छातीच्या दुखण्याने गेलेला, मागे पत्नी आणि चार पुत्र. त्या चारातला सगळ्यात धाकटा हेडली, म्हणजे पॉपचा सख्खा आजोबा, त्याची निधनवार्ता लांबलचक सापडली: ‘कै. जॉन यांचे कनिष्ठ पुत्र, लहानपणी कुटुंबासह मॅलीत आले.’ टॅमसिनने वहीच्या मागे झाड काढलं आणि तिचा पेन थांबला. पॉपच्या आजोबाचा बाप जॉन. जॉन मेला तेव्हा मॅलीत शेत नव्हतं, नुसती झुडपं होती. मग पॉपचा पणजोबा ओल्ड फिल बसवायचा कुठे? फांदीच नव्हती!

आणि एक १९३४ सालची सापडली, तीन ओळींची. ‘मिसेस जे. पेंग्लेज. या भागातील जुन्या रहिवासी. कष्टाळू, प्रेमळ व स्पष्टवक्त्या. पती पूर्वीच निवर्तले. चार पुत्र.’ बस.

सगळे कागद छापून घेऊन, वाटेत बेकरीतून मटणाच्या दोन पेस्टी घेऊन, टॅमसिन थेट वृद्धाश्रमात गेली, लॉर्नाआजीकडे. लॉर्नाआजी पॉपची मोठी बहीण. पाय गेलेत, जीभ शाबूत आहे.

“निधनवार्ता?” लॉर्नाआजीने पेस्टीचा कोपरा तोडला. “वा! दे इकडे. पेपरात आजवर एकही चिकट माणूस मेलेला नाही, माहितीये तुला? सगळे उदार. हे बघ, ‘आनंदी स्वभावाचे’. म्हणजे पिऊन पडायचे. ‘शिस्तप्रिय’. म्हणजे पोरं घाबरून पळाली.”

“आणि ‘स्पष्टवक्त्या’?”

“शिव्या घालायची.” लॉर्नाआजीने मिसेस जे.चा कागद डोळ्यांजवळ धरला. “हेडली आजोबांची आई ही. हिचाच तो दगड, ज्याच्यावर नुसतं ‘आई’ लिहिलंय. आणि बाजूला बघ, शर्यतीचा घोडा मेलाय, अर्धा रकाना! घोड्याला नाव आहे, घोड्याच्या आईला नाव आहे. हिला फक्त नवऱ्याचं आद्याक्षर.”

“पण मला ही नकोय गं, ओल्ड फिल हवाय. फिलिप पेंग्लेज कुठेच नाही.”

“फिलिप शोधतेस कशाला? आमच्याकडे खरं नाव कुणाला माहीत असतं? माझ्या नवऱ्याला जन्मभर सगळे स्नो म्हणायचे. लग्नात पाद्री म्हणाला, ‘सेसिल, तू हिचा स्वीकार करतोस का?’ मी मागे वळून बघितलं, हा सेसिल कोण आता!”

टॅमसिन इतकी हसली की पेस्टीचा तुकडा कागदांवर पडला. मग तिने फोन काढला आणि जुन्या पेपरांच्या त्याच साइटवर नुसतं ‘ओल्ड फिल’ टाइप केलं, आडनाव नाही, काही नाही.

एक आलं. एकच. पण ते पेंग्लेजचं नव्हतंच! १९५१ साल, ओटो क्रॅम्पे नावाचा कुणी म्हातारा, नदीकाठच्या दुसऱ्या गावात वारलेला. फुटबॉल क्लबचा खजिनदार, चर्चचा घंटावाला, असं बरंच. टॅमसिन भराभर वाचत गेली, आणि मग हळू झाली, आणि मग तिने ती ओळ मोठ्यांदा वाचली.

“‘इंग्रजीचा एक शब्दही येत नसताना पंधराव्या वर्षी ते मॅलीत आले आणि मिसेस फिलिपा पेंग्लेज यांच्याकडे कामाला लागले. जुने रहिवासी या बाईंना ओल्ड फिल या नावाने ओळखतात. बैल हाकायला व शिव्या घालायला आपल्याला त्यांनीच शिकवले, असे कै. क्रॅम्पे अभिमानाने सांगत.’”



“फिलिपा,” लॉर्नाआजी म्हणाली, जिभेवर ठेवून बघितल्यासारखं. “फिलिपा! अगं, आम्ही दर वर्षी त्या ‘आई’च्या दगडावर बूड टेकून बसायचो आणि वाद घालायचो, ओल्ड फिलची कबर वाळूत नेमकी कुठे गेली म्हणून!”

हसता हसता तिने डोळे पुसले. मग बराच वेळ पेस्टीचा कागद घडी घालत बसली, उलगडत बसली.

“मी पण मागितलं होतं एकदा,” ती म्हणाली. “फिलचं. एकोणीस वर्षांची होते. बाबांनी मला शिवणयंत्र आणून दिलं.”

टॅमसिनने कागदांवरचा पेस्टीचा चुरा झटकला.

“चांगलं होतं यंत्र,” लॉर्नाआजी म्हणाली. “जा आता. आणि त्याच्याशी भांडू नकोस. मर्व्हशी भांडलं की तो बहिरा होतो. नुसतं वाचून दाखव.”

पॉप शेडमध्ये पेरणी यंत्राखाली आडवा होता, नुसते पाय बाहेर. ग्रँटलीला खंडाने द्यायची तर पेरणी यंत्राला ग्रीस कशाला, हे विचारायचं टॅमसिनच्या अगदी ओठावर आलं होतं, पण तिने गिळलं. उलट्या बादलीवर बसली.

“दहा ओळी झाल्या. वाचू?”

“वाच.”

“‘ओल्ड फिल पेंग्लेज चार मुलं आणि सहा बैल घेऊन मॅलीत आली...’”

“आला,” यंत्राखालून आवाज आला.

“‘...लोखंडी रूळ फिरवून तिने पहिलं रान काढलं...’”

“त्याने, टॅम. नीट लिहिता येत नाही का? भिंतीवर लागणार आहे ते.”

“आली, पॉप.”

ग्रीसगनचा आवाज थांबला. टॅमसिनने ओटो क्रॅम्पेचा कागद त्या पायांच्या बाजूने खाली सरकवला. तेलकट हात आला, कागद आत गेला. पायातला एक बूट जरा हलला, मग हलेनासा झाला. बाहेर कॉकाटूंचा थवा ओरडत गेला आणि पुढे गेलासुद्धा, तरी पॉप खालीच.

खरं म्हणजे चूक कुणाचीच नव्हती. कधीतरी कुणीतरी गोष्ट सांगताना ‘आला’ म्हणालं असेल, कारण बैल, विहीर, शिव्या, मग पुरुषाशिवाय अजून कोण येणार? आणि पुढे सगळे आलाच म्हणत गेले.

शेवटी पॉप बाहेर सरकला. उठला, गुडघे धरून. खिळ्यावरचे बूट काढले, एक तळहातावर ठेवला आणि त्याचा तळ बघत राहिला. मग त्याने टॅमसिनच्या पायांकडे बघितलं. तिने उगाच पाय बादलीखाली ओढले.

“माणसं लहान होती म्हणे,” तो स्वतःशीच पुटपुटला. बूट परत खिळ्याला लावले, आणि किती जपून लावले! “चहा टाक जा.”

बस, एवढंच. टॅमसिनला रडूच यायचं बाकी होतं. चहा टाक!

हॉलच्या दिवशी सगळा गाव होता. प्रत्येक घरातल्या मोठ्याने आपापल्या ओळी वाचायच्या होत्या. पॉपची पाळी आली. त्याने चष्मा लावला, घसा साफ केला, आणि वाचलं, “ओल्ड फिल पेंग्लेज चार मुलं आणि सहा बैल घेऊन मॅलीत...” आणि थांबला. मागे चाकांच्या खुर्चीत लॉर्नाआजी मान उंच करून बसली होती. “आली,” पॉप म्हणाला, आणि पुढचं सगळं धडाधड वाचलं, जसं काही सत्तर वर्षं तो तेच म्हणत आलाय.

“म्हणजे मर्व्ह, तुझा पणजोबा बाई होता तर!” बाहेर चहा-स्कोन्सच्या टेबलापाशी ग्रँटलीने टोमणा मारला.

“आणि तुझा पणजोबा तिच्याकडून बियाणं उसनं न्यायचा,” पॉप म्हणाला. मग लोणी लावता लावता, अगदी सहज, “ते आपलं बोलणं झालं होतं ना जमिनीचं. फिलचं सोडून धर. बाकीचं एका वर्षापुरतं. पुढचं पुढे बघू.”

टॅमसिन किटली घेऊन उभी होती. ग्रँटलीचा कप भरला, बशी भरली, तरी तिचा हात थांबेना. “अगं, बास, बास!” ग्रँटली ओरडला.

पण त्यावर पॉप तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. एप्रिल आला, पाऊस पडला, ओल उतरली. टॅमसिन पेरणी यंत्र घेऊन फाटकापाशी उभी, आणि बियाण्याचा ट्रक काही येईना. तेवढ्यात ट्रॅक्टरच्या केबिनमधला वायरलेस खरखरला. ट्रकवाला वाट चुकला होता.

“मर्व्ह, बार्ली कुठे टाकायची?”

“टॅमसिनच्यात,” पॉपचा आवाज आला.

“टॅमसिनच्यात? ते कुठलं आता?”

“पूर्वीचं फिलचं. पाण्याच्या टाकीवरून डावीकडे घे. ती फाटकात उभी असेल.”

आता सगळी मॅली ऐकत असते हो त्या वायरलेसवर! ग्रँटली ऐकत असणार, वृद्धाश्रमाच्या गाडीचा ड्रायव्हर ऐकत असणार. टॅमसिनने माइक उचलला, दोनदा बटण दाबून सोडलं, मग बोलली.

“पॉप, मी अजून मेलेले नाही.”

मग पॉप म्हणाला, “दिवाळं काढायला वेळ आहे अजून. पेर आता, ओल जाईल.”