फोनला मान दिसत नाही

आमच्या गल्लीतल्या आयांनी चर्चच्या तळघरात सभा घेऊन ठरवलं: चौदा वर्षांचं होईपर्यंत कुठल्याही पोराला मोबाइल नाही, त्याऐवजी घरोघरी तारेचा फोन. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या गावात एवढं एकमत यापूर्वी फक्त पाद्रीबुवांच्या कुत्र्याबद्दल झालं होतं. मी सोळाचा, म्हणून वाचलो. माझी बहीण टॅबी नऊ वर्षांची, ती सापडली.

फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागला. टॅबीला तोवर आजीशी व्हिडिओ कॉल करायचीच सवय. त्यामुळे ती या फोनला पडलेला दात दाखवायची, चित्रं दाखवायची, ठेवताना हात हलवून टाटा करायची. ‘हो’ म्हणायचं असलं की मान डोलवायची. पलीकडे तिची जिवलग मार्गो, तीही तशीच. दोघींच्या गप्पा बऱ्याचशा शांततेत चालायच्या आणि तासभर टिकायच्या. मी सांगायला हवं होतं. पण घरबसल्या एवढी करमणूक कोण बंद करतं?

मार्चमध्ये मार्गोच्या बाबांना ओहायोत नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी बर्फावरच्या घसरगाडीवरून दोघींचं वाजलं. संध्याकाळी फोन आला. मार्गोचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता.

“टॅबी, अजून रागावलीयेस का गं माझ्यावर?”

टॅबीने जोरात मान हलवली. नाही.

“सांग ना! रागावलीयेस?”

तिने इतकी जोरात हलवली की वेण्या गालांवर आपटल्या. मी मफिन खात हसत होतो.

खट्.

“ठेवला तिने!” टॅबी म्हणाली. “मी ‘नाही’ म्हणत होते ना?”

ओहायोला आईने दोनदा फोन केला. मार्गोची आई म्हणाली, “ती फोनवर यायलाच तयार नाही हो.”

तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. “टॅबी, फोनला मान दिसत नाही.”

“तुला माहीत होतं?”

मी मान डोलवली. ती मात्र तिला दिसली.

“गाढवा,” ती म्हणाली, आणि आठवडाभर त्यापलीकडे काही बोलली नाही.

एप्रिलमध्ये मार्गोच्या आईने तिला कशीबशी फोनपाशी आणली. टॅबी स्टुलावर उभी राहिली.

“मार्गो, मी मान हलवतेय. नाही-नाही अशी. तेव्हाही अशीच हलवली होती. आता रडतेय. आता नाक पुसलं, बाहीला. तू रागावलीयेस का?”

पलीकडून नुसता श्वास. बराच वेळ. मग फोन ठेवल्याचा आवाज.

टॅबीने माझ्याकडे पाहिलं. तिकडे मार्गोने मान हलवली असणार. कुठल्या बाजूला, ते काही आम्हाला कळलं नाही.