गुणाजीबाबाचं बिननशेचं तीर्थ

शीळफाट्याला टायरच्या गोदामांमागे पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. त्या रविवारी संध्याकाळी तिथे चपला काढायलाही जागा नव्हती. ठाण्याचे, कल्याणचे, थेट शहाडहून रिक्षा करून आलेले लोक मांडीला मांडी लावून बसले होते आणि सगळ्यांच्या पुढे, लाल सतरंजीवर, माझा धाकटा भाऊ कमलेश आडवा पडला होता.

"बघा, डोळे उघडून बघा!" गुणाजीबाबा ओरडला. भगवी लुंगी, गळ्यात कवड्या, मनगटात चकचकीत घड्याळ. "एकच बाटली, एकच देव, एकच तीर्थ! तुम्ही पण प्यालात, मी पण प्यालो. आपल्याला काय झालं? काय नाय झालं. मग हाच का पडला? कारण तीर्थ माणसाला लागत नाय, आतमधल्याला लागतं!"

शेड दणाणली. बायांनी पदर पसरले. बाबाने मोरपिसाचा कुंचा कमलेशच्या कपाळावर आपटला.

"कोण रे तू? कुठून आलास? बोल!"

कमलेशच्या घशातून नुसती घरघर आली.

"खाडी म्हणतोय! खाडीवरचं आहे हे!" बाबाने जाहीर केलं. शेजारची माझी आई, हौसाबाई, हुंदका देऊन मला बिलगली. "आयकलंस ना गो? मी पयलंच बोललेली."

मला घरघरीशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. पण आणखी दोन माणसं तशीच पडली होती, एक कॉलेजातली मुलगी आणि एक बँकेतले गृहस्थ. बाकी शेडभर माणसं तेच तीर्थ पिऊन ठणठणीत बसली होती. खरं सांगते, मलाही त्या क्षणी कोडं सुटलं नाही, आणि त्याचा मला फार राग आला.

मी सरोज. डोंबिवलीला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. माहेर बाळकुमचं. शेतं गेली, त्यांच्यावर टॉवर उभे राहिले, कमलेशने दोन टेम्पो घेतले, घरात कशाला कमी नाही. म्हणूनच गेल्या वर्षी तो अंथरुणातून उठेनासा झाला तेव्हा नातेवाईक म्हणाले, "एवढं सगळं असून याला कसलं डिप्रेशन?" एक दिवस तो मला म्हणाला, "ताय, मी नसलो तर तुम्ही सगळे सुटाल." त्याच दिवशी मी त्याला हाताला धरून ठाण्याला डॉक्टर उत्तरा यांच्याकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू तो जेवायला लागला, टेम्पोवर जायला लागला. डॉक्टरांनी दारू बंद सांगितली, ती त्याने एका झटक्यात सोडली. हळदीला मित्रांनी ग्लास पुढे केला की हा हात जोडायचा.

हे सगळं आईने पाहिलं होतं. पण मधे चार दिवस त्याचा चेहरा पुन्हा उतरलेला दिसला आणि कुणीतरी तिच्या कानात गुणाजीबाबाचं नाव घातलं.

आता आमची एक रीत सांगायला हवी, कारण बाबाचं सगळं दुकान तिच्यावर चालत होतं. आमच्याकडे देवाला दारूच्या बाटलीचा मान असतो. हळद असो, नवी गाडी असो, घरच्या देवापुढे आधी धार पडते, मग बाकीचं. वाडवडिलांपासून चालत आलंय, मला त्यात लाज वाटत नाही. गुणाजीबाबा कुठला कोण, पण ही रीत त्याने बरोबर हेरली. बाटली ज्याची त्याने घरून आणायची. घरच्या देवाला धार द्यायची, मग ती इकडे आणून तिच्यातलंच सगळ्यांना वाटायचं. "बाटली तुमची, बूच तुम्ही उघडलंत, हात तुमचा. मग माझी चलाखी कुठे?" असं तो छाती ठोकून विचारायचा आणि लोकांना ते पटायचं.

मी त्याला त्या पहिल्या बैठकीलाच टोकलं होतं. "बाबा, वास तर दारूचाच येतोय."

तो गोड हसला. "ताई, वास हा बाटलीचा. नशा हा तिचा आत्मा. देव नशा पितो, मागे उरतं ते तीर्थ. गंगेच्या पाण्यागत. लहान लेकरानं प्यावं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

घरी जाताना कमलेशचे पाय नुसते लोंबत होते. गाडीत तो उताण्या अवस्थेतच ओकला. मी शेजारी होते म्हणून मान पटकन कुशीवर वळवली. आई पुढच्या सीटवरून म्हणत होती, "निघू दे, सगळा बाहेर निघू दे." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला जाग नव्हती. उठल्यावर म्हणाला, "ताय, किती दिवसांनी असा झोपलो गं." आईने देवापुढे साखर ठेवली. बाबाने तीन बैठका सांगितल्या होत्या. दुसऱ्या बैठकीला वाटी दुप्पट, आणि तिसरीनंतर डॉक्टरांच्या सगळ्या गोळ्या खाडीत सोडायच्या.

मी तडक डॉक्टरांकडे गेले. सगळं ऐकून त्या खुर्चीतून उठल्याच.

"दारू घेतो का, असं मी दरवेळी विचारलंय. तुमच्या आई म्हणतात, घरात थेंब नाही."

"ती खोटं बोलत नाही मॅडम. तिच्या लेखी ती दारू नाही, तीर्थ आहे."

डॉक्टर मग सरळ बोलल्या. कमलेशची रात्रीची गोळी झोप आणणारी आहे. दारूही मेंदूला सुस्त करते. दोन्ही एकत्र गेल्या की एकीचा भार दुसरीवर चढतो. माणूस उठवून उठत नाही, ओकारी झाली तर गुदमरू शकतो, दारू वाढली तर श्वासही मंदावतो. "आणि गोळ्या एकदम तोडल्या तर वर्षभराची मेहनत पाण्यात. तो पुन्हा त्या जागी जाईल जिथून तुम्ही त्याला ओढून आणलंत. सरोजताई, ती दुसरी वाटी त्याच्या पोटात जाता कामा नये."

मी आईला समजावलं. हात जोडले, मग भांडले.

"देवाच्या तीर्थाला दारू बोलतेस? जीभ झडंल गो तुझी," आई म्हणाली. "सगल्यांनी पिला. सगले का नाय पडले? सांग ना मना!"

हाच तो प्रश्न. गंमत अशी की उत्तर माझ्या डोळ्यांसमोरून गेलं होतं. शेडच्या दारात जगन नावाचा चेला उभा असायचा. तो प्रत्येकाला प्रेमाने विचारायचा, "डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत काय? झोपेच्या, टेन्शनच्या?" हो म्हणणाऱ्याच्या मनगटाला लाल दोरा बांधून त्याला पुढच्या सतरंजीवर बसवायचं. त्याला सकाळपासून उपास. बैठकीत त्याने रात्रीची गोळी देवासमोर घ्यायची. बाबा तिला 'निरोपाची गोळी' म्हणायचा, डॉक्टरला निरोप म्हणून. मग मोठी वाटी. आणि मागे बसलेल्यांना? आधी पोटभर प्रसादाचा भात, मग पळीभर तीर्थ. बाटली एकच होती हे खरं. माप एक नव्हतं, आणि पोटात आधी काय गेलंय तेही एक नव्हतं. बाबा बाधा ओळखत नव्हता, जगन ती दारातच विचारून घेत होता.

आईला हे सांगितलं. तिने कानांवर हात ठेवले. कमलेश म्हणाला, "ताय, मला ती झोप परत पाहिजे. तू मधे येऊ नको ना प्लीज." मी एकटीने अडवलं असतं तर दोघं माझ्या माघारी गेले असते.

रविवारी मी बाळकुमला गेले. आईने घरच्या देवाला धार दिली, बाटली ओट्यावर ठेवली आणि आंघोळीला गेली. मी चहाचं आधण ठेवलं. बिनदुधाचा कडक चहा, चवीला गुळाचा खडा, आणि पाण्यात पातेलं ठेवून गार केला. बाटलीतला माल मोरीत ओतला, बाटली दोनदा विसळली, चहा भरला. रंग अगदी हुबेहूब. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईला चहाचा रंग जमला नाही तर काय उपयोग!

शेडमध्ये आज गर्दी दुप्पट होती. मागच्या रविवारची कीर्ती पोचली होती. कमलेशने निरोपाची गोळी घेतली. आईने बाटली दोन्ही हातांनी पुढे केली. बाबाने ती देवापुढे धरली, डोळे मिटले, अंगात शिरशिरी आणली.

"पी देवा, पी! नशा पी, तीर्थ ठेव!"

मग रिवाजाप्रमाणे त्याने पहिला घोट स्वतः घेतला.

त्याचं तोंड मी जन्मात विसरणार नाही. घोट घशातच थांबला. त्याने बाटलीकडे पाहिलं, जगनकडे पाहिलं, मग पुन्हा बाटलीकडे. आता बोलणार काय? 'यात दारू नाही' म्हणावं, तर रोज दारू असते हे कबूल. गपचूप गिळला आणि वाटी भरली. दुप्पट.

कमलेश गटागट प्यायला. सगळे श्वास रोखून बसले. बाबाने कुंचा आपटला.

"कोण रे तू?"

"मी कमलेश."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"खरं नाव सांग! कुठून आलास?"

"बाळकुमवरनं," कमलेश गोंधळून म्हणाला. "गाडीनं आलो. ताय पण हाय सोबत."

आता हसू पुढच्या रांगांपर्यंत आलं. बाबाने आणखी एक वाटी पाजली. कमलेश पालथ्या मुठीने तोंड पुसत बसून राहिला. बाबाच्या कपाळावर घाम डवरला. "हे तीर्थ देवाने मानलं नाय," तो गरजला. "जगन, दुसऱ्यांची बाटली आण!"

मी उभी राहिले. आवाज मोठा निघाला.

"कशाला दुसरी? देव नशा पितो आणि उरतं ते तीर्थ, असं तुम्हीच सांगता ना? मग नशा नसलेली बाटली आणली तर देवाचं उलट कामच वाचलं! मी आज चहा आणलाय. गुळाचा. तुम्ही पहिला घोट घेतलात, तुम्हाला लगेच कळलं. मग बोलला का नाहीत?"

शेडमध्ये गलका झाला. जगन माझ्या अंगावर आला, पण कमलेश मधे उभा राहिला. "ताईला हात नाय लावायचा." तोच कमलेश, जो मागच्या बैठकीत मान धरू शकत नव्हता. तोच देव, तीच गोळी, तीच सतरंजी. एकच गोष्ट कमी होती.

मी ओरडूनच सांगितलं. लाल दोऱ्यांचा अर्थ सांगितला, उपास, गोळी, वाटी आणि पळी सांगितली. "भूतबित काही पडत नाही इथे. गोळ्या घेणारी आजारी माणसं उपाशीपोटी दारू पाजून पाडतात, आणि ती पडली की त्यांचीच औषधं खाडीत टाकायला लावतात!"

"बाई नास्तिक आहे! हिच्यावर देव कोपेल!" बाबा किंचाळत होता. अर्धी शेड त्याच्याच बाजूने होती, मी खोटं कशाला सांगू. पण बँकेतल्या गृहस्थांनी त्यांच्यासाठी भरलेली वाटी खाली ठेवली. कॉलेजातल्या मुलीच्या वडिलांनी तिच्या मनगटावरचा लाल दोरा दाताने तोडला आणि मला म्हणाले, "मागच्या वेळेला हिला दोन दिवस शुद्ध नव्हती. आम्ही पेढे वाटले हो."

आम्ही तिथून थेट पोलिसांत तक्रार दिली. पुढच्या रविवारी शेडला कुलूप होतं. बाबा दुसऱ्या कुठल्या फाट्यावर दुसऱ्या नावाने बसला असेल, अशा माणसांना जागा कमी पडत नाही.

आई मात्र आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तिच्या हातून देवापुढे चहा गेला हेच तिला खुपत होतं. मी सांगितलं, घरच्या देवाला तू खरीच धार दिलीस, मी त्यानंतर बाटली ओतली. ती पोळ्या लाटत राहिली.

मग कमलेशची तारीख आली. डॉक्टर उत्तरा यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मधल्या काळात दारू घेतली का?" कमलेशने तोंड उघडायच्या आत आई पुढे सरकली.

"घेतली," ती म्हणाली. "एक वाटीभर. मीच नेलेली बाटली. आमी तिला तीर्थ बोललो, पन ती दारूच व्हती."

डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला. मला रडू आवरलं नाही.

तुमच्या घरात अशा गोळ्या चालू असतील तर एवढं ऐका. दारू नको. तिला मान म्हणा, तीर्थ म्हणा, प्रसाद म्हणा, तरी नको. चुकून घेतलीच गेली असेल तर डॉक्टरांना सांगा, लाजू नका, त्यांना तेच माहीत असायला हवं. गोळी आवडत नसेल, झोप जास्त येत असेल, तर ज्यांनी ती दिली त्यांच्याशी बोला, खाडीशी नको. आणि कुणी बाबा दारातच तुमची औषधं विचारत असेल, तर तो ती का विचारतोय हे आधी त्याला विचारा. आमच्याकडे अजूनही देवाला धार पडते. आई ती देते, बाटली वरच्या फळीवर ठेवते, आणि मग कमलेशला हाक मारते, "अरे, गोली घेतलीस काय?"