बोअरमधली नखे

काशीगावच्या पटांगणात दोनशे माणसे एका टीव्हीपुढे हात जोडून बसली होती. पडद्यावर एका बोअरची आतली भिंत दिसत होती: काळा खडक आणि त्यावर समोरासमोर दोन उभे ओरखडे. बोगद्याच्या सर्वेक्षणासाठी पाडलेले हे खोल भोक काम संपल्यावर तसेच सोडले गेले होते. पाताळबाबा म्हणवून घेणाऱ्या एका गृहस्थाने त्यात केबलला बांधून कॅमेरा सोडला आणि गावदेवीची नखे ‘शोधली’.

“आई आत कोंडलीय. भिंत ओरबाडतेय,” बाबा केबल धरून म्हणाला. “जमीन फाटणार. पाप कुणाचं, ते नखच दाखवेल.”

टीव्हीच्या चार कडांना त्याने कागद चिकटवले होते: शाळा, देऊळ, हायवे आणि रखमाबाईचे घर. चौथी दिशा अशी का, हे कुणी विचारले नाही. पडद्यावरचे नख सावकाश फिरले आणि रखमाबाईच्या घरापाशी थांबले. गावकीने दहा मिनिटांत निकाल दिला: या सत्तरीच्या विधवेने संध्याकाळपर्यंत घर सोडावे. गावकीच्या धाकूने तिची भांडी स्वतः अंगणात आणून टाकली.

रखमाबाईने फोन केल्यावर भूवैज्ञानिक मिनल जवळच्या सिल्व्हर पार्क वसाहतीतून आली. बोगद्याच्या सर्वेक्षणात याच बोअरची मापने तिने घेतली होती.

“बाबा, दुसरं नख देवळाकडे आहे,” ती म्हणाली. “तिथे तर तुम्ही राहता.”

मागे कुणीतरी हसले. बाबाने डोळे मिटले.

मिनलने प्लास्टिकच्या काडीवर होकायंत्र बसवून ते कॅमेऱ्यापुढे बांधले आणि कॅमेरा पुन्हा आत सोडला. बोअरच्या तोंडाचा लोखंडी पाइप संपून खडक लागला, तशी लोखंडामुळे भरकटणारी सुई स्थिरावली.

“फिरवा आता नख.”

“विज्ञानाला आईचं मन कळत नाही, बेटी.”

“मन राहू द्या. केबल द्या.”

तिने केबलला पीळ दिला. पडद्यावर नखे फिरली आणि सुईही तेवढीच फिरली.

“सुई उत्तर सोडत नाही. तरी दोन्ही एकत्र फिरतायत, म्हणजे फिरतोय तो कॅमेरा.”

“मंग ते ओरखडं कुनी केलं?” धाकूने विचारले.

“दाबानं. खडकाला सगळीकडून सारखा दाब नसतो. भोक पाडलं, की जास्त दाबाच्या दिशेला काटकोनात असलेल्या दोन्ही बाजूंचे टवके उडतात. म्हणून ओरखडे जोडीनं, समोरासमोर. त्यांच्यावरून दाबाची दिशा कळते. वरच्या खडकाचं वजन मोठं की हे आडवे दाब, तेही मोजलं, तर खडक सरकलाच तर खाली घसरेल, वर चढेल की आडवा जाईल, याचा अंदाज येतो.”

“कवा सरकंल?”

“या नोंदींवरून ते कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.”

धाकू रखमाबाईकडे वळला. “आमाला काय ठावं, काकी.”

“ठावं न्हाय त इचारायचं,” ती म्हणाली. “माजी भांडी कशाला भायेर काढलीस?”

धाकू भांडी परत आत ठेवायला निघाला. क्षमा मात्र कुणी मागितली नाही.

खडकातला दाब ठाऊक नसणे हा दोष नाही. न विचारता एका म्हातारीला बेघर करायला निघणे हा आहे, आणि त्याला भोळेपणा म्हणणे मला किळसवाणे वाटते. कुणाविरुद्ध पुरावा दाखवला गेला, तर तो दाखवणाऱ्याच्या हातून काढून घ्या आणि दुसऱ्याकडून मोजून घ्या. निकाल त्यानंतर द्या.