न उडालेले बार

शंकररावांनी आधी रिव्हॉल्व्हरची चकरी उघडली आणि मगच समोरच्या माणसाला बसायला सांगितलं.

सहाही घरं भरलेली होती. त्यांनी एकेक काडतूस काढून टेबलावरच्या खाकी फडक्यावर उभं केलं.

"भरलेलं हत्यार घेऊन मोटारीत बसले तुम्ही?"

"चालतच नाही ते. भरलं काय अन् रिकामं काय!" हिंमतराव म्हणाले. "चाप ओढला का घोडा पडते, टक् वाजते, अन् बार काही उडत नाही. उद्या सकाळी मले हे चालू पाहिजे, हवालदार. मी इथंच बसतो."

हिंमतराव साखरखेर्ड्याकडचे. शंभर एकरांचे धनी. एरवी असल्या माणसांची कामं गड्याच्या हातून येत. आज ते स्वतः आले होते, तेही दुपारच्या उन्हात, डोक्याला रुमाल न बांधता. डोळे तांबारलेले होते.

शंकरराव इंगळे अठरा वर्षं पलटणीच्या शस्त्रागारात होते. महाराष्ट्र झाला त्या साली ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि अमडापूरला रस्त्याला लागून त्यांनी हे दुकान टाकलं. स्टोव्ह, शिवणयंत्रं, कुलपं आणि अधूनमधून एखादी बंदूक. बंदूक दुरुस्तीचं लायसन्स काचेत मढवून त्यांनी बुद्धाच्या तसबिरीशेजारी टांगलं होतं. त्या कागदासाठी बुलढाण्याच्या कचेरीत त्यांनी अकरा खेपा घातल्या होत्या.

या रिव्हॉल्व्हरबद्दल त्यांनी फक्त ऐकलं होतं. हिंमतरावांच्या आजानं बिबट्या मारला तेव्हा एका इंग्रज साहेबानं कमरेचं काढून दिलेलं. हस्तिदंती मूठ, नळीवर वेलबुट्टी. जुन्या हत्यारांचे शौकीन नागपूरहून खास ते बघायला येत. आता ते हातात होतं, आणि शंकररावांच्या बोटांना नकळत अदब आली.

"कशावर चालवलं?" त्यांनी विचारलं.

"डुकरावर. उसात घुसतात."

शंकररावांनी एक काडतूस उलटं करून खिडकीच्या उजेडात धरलं. बुडाच्या तांब्याच्या टोपीवर घोड्याच्या टोकाचा ठसा होता, पण उथळ, नखानं दाबल्यासारखा. त्याच्याच बाजूला दुसरा ठसा. त्यांनी दुसरं काडतूस पाहिलं, तिसरं पाहिलं. सहाही काडतुसांवर दोन-दोन ठसे होते.

म्हणजे चकरी दोनदा फिरली होती. बारा वेळा चाप ओढला होता.

रानडुक्कर पहिल्याच आवाजाला उधळतं. बारा वेळा चाप ओढेपर्यंत समोर उभं राहील असं कुठलं जनावर शंकररावांना माहीत नव्हतं. त्यांना माहीत होती ती वेगळीच गोष्ट, जी बाजारात येणाऱ्या कोणालाही माहीत होती. हिंमतराव आणि त्यांचा धाकटा भाऊ भाऊराव यांच्यात सामाईक विहिरीच्या पाळीवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं आणि मागच्या महिन्यात काठ्याही निघाल्या होत्या.

शंकररावांनी काडतूस फडक्यावर ठेवलं.

"काडतुसं जुनी असतील," हिंमतराव म्हणाले.

"असू शकते. पाह्यतो."

त्यांनी रिव्हॉल्व्हर खोललं. आतलं तेल घट्ट झालं असेल म्हणून बोटानं चोळून पाहिलं, पण तेल पातळच होतं. स्प्रिंग दाबून पाहिली, ती नव्यासारखी ताठ. चकरी हलवली, जागेवर घट्ट. हिंमतरावांची नजर त्यांच्या प्रत्येक बोटामागून फिरत होती. बाहेर एक मोटार थांबली आणि निघून गेली.

राहिलं घोड्याचं टोक. चाप दाबून घोडा पुढं टेकवला, की समोरच्या भोकातून हे टोक तांदळाच्या कणीएवढं बाहेर यायला हवं. आलं ते खसखशीएवढं.

"सापडलं का?"

"थांबा जरा."

घोडा सुटा करून पाहिला, तर टोक काळंभोर होतं. शंकररावांनी फडक्यानं त्याची एक बाजू पुसली. बारुदीचा काळा रंग कोरडा असतो, तो असा पसरत नाही. हा चिकट होता. फडकं नाकाशी नेलं तेव्हा एरंडेलाचा आणि कापराचा वास आला.

काजळ.

आणि पुसलेल्या बाजूला, काजळाखाली, पोलाद चकाकत होतं. कानशीचे बारीक ओरखडे, आडवे-तिडवे, नवशिक्या हाताचे. कोणीतरी रात्र-रात्र बसून, आवाज होणार नाही इतक्या हलक्या हातानं ते टोक घासलं होतं आणि चकाकी दिसू नये म्हणून वर काजळ भरलं होतं.

शंकररावांनी घोडा पालथा करून मुठीत घेतला.

"ठेवता कुठं हे?" आवाज सारखा ठेवत त्यांनी विचारलं. "ओल तर नाही लागत?"

"कायची ओल? लोखंडी पेटीत असते. घरात मी अन् माही बायको मनकर्णा, दोघंच. चाबी तिच्या कमरेले." हिंमतराव पुढं वाकले. "काऊन? काही दिसलं का?"

"गंज आहे का ते पाह्यत होतो."

"मंग काय बिघडलं ते सांग नं! नसंन जमत तर दे इकडं. खामगावचा मिस्तरी आहे, पाच वाजताची मोटार सापडंन मले."

खामगावचा मिस्तरी वाईट नव्हता. तो टोक पुसेल, ओरखडे पाहील आणि हसत-हसत सांगेल, अहो, हे तर कोणीतरी कानशीनं घासलंय. आणि हा माणूस आज रात्री घरी जाईल, जिथं पेटीची चावी एकाच कमरेला आहे. टोक नवीन घडवून दिलं तर उद्या सकाळी विहिरीवर बार उडेल. काही न करता परत दिलं तर आज घरात काय होईल ते सांगता येत नव्हतं.

"जमते," ते म्हणाले. "टोक वाकलं आहे थोडं. सरळ करतो."

त्यांनी घोडा टेबलाला बसवलेल्या शेगड्याच्या जबड्यात धरला आणि दांडा फिरवून आवळला. टोक तेवढं वर राहिलं. अठरा वर्षांत त्यांच्या हातून एकही हत्यार बिघडलं नव्हतं, आणि साहेबानं तसं प्रमाणपत्रात लिहून दिलं होतं. त्यांनी लहान हातोडी उचलली, ती खाली ठेवली आणि मोठी घेतली.

एकच घाव. टोक मुळापासून तुटलं आणि टेबलावर टणकन आपटलं.

हिंमतराव उठून उभे राहिले. स्टूल मागं पडलं.

"काय केलं बे हे?"

"हात घसरला."

"हात घसरला? तुह्या बापानं पाह्यलं होतं का असं हत्यार? आजाचं होतं ते माह्या!" त्यांनी शंकररावांची सदऱ्याची बाही धरली. "त्या भिंतीवरचा कागद उद्याच उतरवतो तुहा. बुलढाण्याले जाऊन तक्रार देतो."

"द्या. चूक माही आहे, लेखी देतो मी. पण हे आता चालाचं नाही. असा घोडा विलायतेतही भेटत नाही."

"मुद्दाम केलं तुनं."

शंकररावांनी बाही सोडवायचा प्रयत्न केला नाही.

हिंमतरावांनीच ती सोडली. खाली वाकून तुटलेला तुकडा उचलला, पुन्हा जोडता येईल का पाहावं तसा अंगठा नि बोटात धरून फिरवला. आणि थांबले. त्यांच्या अंगठ्यावर काळा डाग उतरला होता.

तुकड्याची दुसरी बाजू पुसायची राहून गेली होती.

हिंमतरावांनी अंगठा नाकाशी नेला. एकदा, मग पुन्हा. मग तुकडा खिडकीकडे धरून त्यावरचे ओरखडे ते बराच वेळ पाहत राहिले. शंकररावांचा हात मोठ्या हातोडीवर होता. तो तिथं कधी गेला ते त्यांना कळलं नाही.

हिंमतरावांनी पडलेलं स्टूल सरळ केलं आणि त्यावर बसले.

"भाऊराव पळाला नाही," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता, की शंकररावांना पुढं वाकावं लागलं. "काल सकाळची गोष्ट. मोटेपाशी उभा होता. मी ओढत गेलो, ओढत गेलो, अन् तो माह्याकडं पाह्यत राह्यला. नुसता पाह्यत राह्यला. लहानपणी मी मारलं का असाच पाहे."

रस्त्यावरून बैलगाड्यांची रांग गेली.

"त्यातला एक जरी उडाला असता..." हिंमतरावांनी वाक्य पुरं केलं नाही.

शंकररावांनी रिव्हॉल्व्हरचे सुटे भाग कापडात बांधले. काडतुसं वेगळी केली आणि ती ठाण्यात जमा करावी लागतील, असं सांगितलं. हिंमतरावांनी मान हलवली. दाराशी जाऊन ते वळले.

"घरी काय सांगू?"

"हवालदारानं मोडलं म्हणून सांगा."

"हाव. तसंच सांगतो."

पण ते गेले नाहीत. उजव्या हाताकडे पाहत उभे राहिले, मग परत आत आले आणि अंगठा पुढं केला.

"रॉकेल आहे का थोडं?"

शंकररावांनी वाटी सरकवली आणि कोरं फडकं दिलं. हिंमतराव घासू लागले. नखाच्या कडेला, पेराच्या रेघांमध्ये, कातडी लाल होईपर्यंत. मग हात उजेडात धरून म्हणाले,

"पाह्य बरं. अजून दिसते का?"

शंकररावांनी अंगठा नीट पाहिला. नखाखाली एक बारीक काळी रेघ राहिली होती. त्यांनी कानामागं खोचलेली काडी काढली, तिला फडक्याचं टोक गुंडाळलं आणि हिंमतरावांचा हात धरून ती रेघ स्वतः पुसून काढली.

"आता नाही दिसत," ते म्हणाले. "जा."