चार नंबरचा खांब

मित्रांनो, मी पडघ्याजवळच्या टेकडीवरचा सिमेंटचा एक जुना खांब आहे. माझी उंची गुडघ्याएवढी. दगडखाणीची हद्द दाखवण्यासाठी मला पंचांसमोर पुरले. छातीवर आकडा कोरला : चार. माझ्या खाली खाण, माझ्या वर झरा आणि झऱ्याच्या वर आदिवासी पाडा.

काही वर्षे मशिनवाले मला पाहून मागे वळत. वाघबारशीच्या सणाला पाड्यावरच्या भागीने मला शेंदूर लावला. "आमच्या झऱ्याचा राखणदार हाय," ती म्हणाली. दरवर्षी नवा थर चढला. मला त्याचा अभिमान वाटे. माझा आकडा बुजला, हे माझ्याही लक्षात आले नाही.

मग खाण मला ओलांडून झऱ्याकडे सरकली. भागीने तक्रार केली. मोजणीचे साहेब आले, ते खाणीचा मॅनेजर भावेश याच्या गाडीतून. साहेबांच्या नव्या घरासाठी खडीचे दोन डंपर आधीच पोचले होते, असे ड्रायव्हर बोलत होते.

"चार नंबर कुठाय?" साहेबांनी विचारले.

भागीने मला दाखवले. भावेश हसला. "साहेब, चप्पल काढा. हा तर यांचा देव हाय!"

"नंबर शेंदराखाली हाय, सायेब."

"मग खरवड," साहेब म्हणाले.

भागीचा हात थांबला. "देवाला नख कसं लावू? भगताला इचारून येते."

"जा मावशी, सावकाश या," भावेश म्हणाला.

ती भगताला घेऊन परतली, तेव्हा गाडी गेली होती. नंतर आलेल्या अहवालात लिहिले होते : खांब आढळला नाही. हद्दीचा नकाशा त्या दिवशी साहेबांच्या पिशवीतच होता. त्याची घडीही मोडली नव्हती.

नवा खांब झऱ्याच्या वर पुरला गेला. सुरुंग लागले. तिसऱ्या आठवड्यात झरा आटला. आता भागी हंडा घेऊन हायवेपर्यंत उतरते. एके दिवशी तिने विळ्याने माझा शेंदूर खरवडला. आकडा स्वच्छ दिसला, पण वाचायला कोणी नव्हते. मशिनने मला उपटून कडेला टाकले आहे.

नव्या खांबापासून पाड्याचे पहिले घर चाळीस पावलांवर आहे. मित्रांनो, पुढच्या मोजणीला भागीच्या शेजारी उभे राहा. साहेब कोणाच्या गाडीतून उतरले, ते लिहून ठेवा. आणि नकाशा उघडल्याशिवाय सही होऊ देऊ नका.