बॉबिनचं औषधपाणी

मावशींनी बॉबिनला टॉवेलात घट्ट गुंडाळलं, तिची मान कोपराखाली धरली आणि ड्रॉपरनं जबड्याच्या कडेनं काढा सोडला. अर्धा मांजरीच्या तोंडात गेला, अर्धा मावशींच्या बाहीवर. दोन मिनिटांत आत गेलेलाही बाहेर आला.

“पोट साफ होतंय,” मावशी म्हणाल्या.

“आई, तीन दिवस तिनं काही खाल्लं नाही. साफ व्हायला पोटात आहे काय?” सून दुसऱ्या शिलाई मशीनवरून म्हणाली. “डॉक्टरांकडे नेऊ या.”

मावशींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शिवणकामाच्या या दुकानात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्यांच्या डोक्यात त्याचं माप तयार असे, आणि त्या मापावर कुणी हुज्जत घालत नसे. आजारपणाबद्दलची त्यांची मतंही तशीच बेतून तयार होती. डॉक्टर म्हणजे सुरी. आधीची मांजर डॉक्टरांच्या टेबलावर गेली ती गेलीच. बॉबिनला त्या टेबलावर ठेवायचं नाही, हे त्यांनी तिला घरी आणलं त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

म्हणून मग बाकीचं सगळं करून झालं. होमिओपॅथीच्या गोड गोळ्या झाल्या, जडीबुटीवाल्याचा काढा झाला. एका बाईंनी तर फोनवरून ऊर्जा पाठवली. ती आली तेव्हा बॉबिन कपाटाखाली होती, त्यामुळे तिला मिळाली की नाही हे कळायला मार्ग नव्हता. दुखण्याचं मूळ मात्र मावशींनी पहिल्याच दिवशी शोधून काढलं होतं: सुनेनं आणलेलं पाकिटातलं दाणेदार खाणं.

“त्या दाण्यांनीच घात केला,” असं त्या दिवसातून चारदा म्हणत. सून मान खाली घालून शिवत राही.

त्या दुपारी दोघी बॉबिनला घेऊन मालिशवालीकडे गेल्या. तिनं उभी हयात घोड्यांचे पाय चोळण्यात घालवली होती, आता कुत्री-मांजरं बघायची. खोलीत एक बाक, एक उंच टेबल आणि तेलाच्या बाटल्या. मावशींना खोली पसंत पडली. सुरी कुठे दिसत नव्हती.

मालिशवालीनं तेलाला हातच लावला नाही. बॉबिनच्या पोटावरून बोटं फिरवता फिरवता ती एका जागी थांबली, मागे आली, पुन्हा तिथेच थांबली. मग तिनं मांजरीचं तोंड उघडलं आणि अंगठ्यानं हनुवटी दाबून जीभ वर उचलली. जिभेच्या मुळाशी पिवळा दोरा रुतून बसला होता. त्याची टोकं घशात उतरली होती.

मावशींचा हात आपसूक पुढे गेला. सुटा दोरा दिसला की ओढायचा, ही हाताची सवय. मालिशवालीनं त्यांचं मनगट धरलं.

“ओढायचा नाही. आतून आतडं चिरेल.”

“मग तुम्ही काहीतरी करा.”

“हे माझ्या हातचं काम नाही. मी चोळत बसले तर हे मांजर जाईल. ऑपरेशन करावं लागेल, तेही आजच.”

मावशी त्या पिवळ्या दोऱ्याकडे बघत राहिल्या. काळ्या कोटावर दिसावा म्हणून कच्च्या शिलाईला दुकानात हाच दोरा वापरत. पक्की शिलाई पडली की तो काढून टाकायचा. दवाखान्याकडे जाणाऱ्या टॅक्सीत त्या बॉबिनची टोपली मांडीवर घेऊन तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसल्या.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिनं भराभर तपासलं.

“एक्स-रेमध्ये सुई नाही, हे बरं झालं. पण दोरा त्यात दिसत नाही. छोटा असला तर एका ठिकाणी उघडून भागेल. लांब असला तर आतडं तीन-चार ठिकाणी उघडून शोधावा लागेल, आणि तिच्यात तेवढा दम नाही. केवढा असेल, काही अंदाज?”

मावशींनी तोंड उघडायच्या आत सून बोलली.

“माझा असेल. कच्ची शिलाई काढताना माझ्याकडून दोरे खाली पडतात. तीन-चार इंचांचा असेल.”

हे ती सासूकडे न बघता म्हणाली. मावशींना सगळं समजलं. तीन दिवस जिला बोल लावला, ती आता आपल्या अंगावर घेत होती. नुसतं गप्प राहिलं तरी चालणार होतं. मावशींना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“हिचा नाही,” त्या म्हणाल्या. “ही तुकडे करून काढते. त्यावरून मी हिला रोज बोलते, की शिकाऊ पोरीसारखं काय तोडतेस. मी एक टोक धरून अख्खा ओढते. माझ्या हातात तो तुटत नाही. शुक्रवारी शिवलेल्या कोटाच्या पाठीचा आहे. अठ्ठावीस इंच.”

“नक्की?”

“माप माझं आहे.”

आणि त्यांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आली. तिच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता.

“वाचली. दोन दिवस इथेच राहू दे. जिभेखालचा आणि जठरातला मोठा तुकडा निघाला तेव्हा मला वाटलं, झालं. पण तो जेमतेम वीस इंच भरला. म्हणून आणखी शोधलं. तुटून राहिलेला आठ इंच खाली आतड्यात होता.”

मावशींनी मान हलवली. सुनेनं पाण्याची बाटली उघडून पुढे केली. त्यांनी ती अर्धी संपवली आणि पदरानं तोंड पुसलं.

“उद्या दुकान उघडलं की,” मावशी म्हणाल्या, “तू कच्चा दोरा कसा तोडतेस ते मला दाखव.”

“त्यात काय दाखवायचं, आई? कात्री लावायची.”

“असू दे. मला येत नाही ते.”