सिस्टरचा नियम

"सरक की गं जरा, घसा ओला करून लगेच येतो," गवंडी म्हणाला.

"ओला करायला घरी पाणी आहे की," मी म्हटलं. बायका खो खो हसल्या. गवंडी पुटपुटत आल्या वाटेने परत गेला.

दारूच्या दुकानाच्या पायरीवर ठिय्या देऊन आम्हा नऊ जणींना तीन आठवडे झाले होते. स्वतःच्या माणसाला स्वतः अडवायचं नाही, दुसरीने अडवायचं, हा नियम सिस्टरचा. दवाखान्यात वीस वर्षं त्यांनी आमच्या जखमा बांधल्या होत्या. आम्ही 'पडले' म्हणून सांगायचो आणि त्या काही न बोलता पट्टी गुंडाळायच्या. "घरच्याला अडवलंत तर तो घरी जाऊन तुमच्यावरच राग काढेल," त्या म्हणाल्या होत्या. मग माझ्याकडे वळून, "माझ्या मुलाला तू अडव. जीभ आहे तुला."

माझं शिवणाचं दुकान, आणि जीभ कात्रीपेक्षा धारदार, हे सगळ्या गावाला ठाऊक.

त्या दुपारी त्यांचा मुलगा आला. पंप दुरुस्त करायचा, गुणी पोरगा. आठ दिवसांपूर्वीच इस्पितळातून घरी आलेला, डोळे अजून पिवळेच. आता एक घोटसुद्धा जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्यादेखत त्यांच्याच मुलाला काय बोलायचं? चारचौघांत त्यांची शोभा होईल, असं वाटलं. मी मान खाली घातली. सगळ्यांनीच घातली.

"अगं, अडवा ना त्याला," सिस्टर म्हणाल्या. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"मावशी, जाऊ दे ना," तो मला म्हणाला.

मी गुडघे बाजूला घेतले. एवढंच केलं मी. सिस्टर धडपडत उठल्या, तोवर तो आत गेला होता.

महिन्याभरात तो गेला. शेवटपर्यंत त्याला सलाईन त्यांनीच लावली.

मी भेटायला गेले. "चुकलं माझं, सिस्टर."

"नियम माझा होता," त्या म्हणाल्या. "आई होते मी. नियम मोडून आधीच उठायला हवं होतं." मग त्यांनी मला चहा दिला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा पायरीवर आल्या. आता त्या येणार नाहीत, असंच आम्ही धरून चाललो होतो. संध्याकाळी माझा नवरा आला. मी नियमाप्रमाणे गप्प बसले. सिस्टर उठून दारात उभ्या राहिल्या.

"स्वतःच्या पोराला अडवता आलं नाही," तो म्हणाला, "आणि मला अडवताय?"

"नाही आलं," सिस्टर म्हणाल्या. पण त्या दारातून हलल्या नाहीत.

तो बराच वेळ उभा राहिला, मग घरी गेला. सिस्टर येऊन माझ्या शेजारी बसल्या. मला वर बघवेना.